जुळणीचें यंत्र आणि घरचा विवेक

बारावीचे निकाल लागले, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेश पक्के झाले, कीं निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागांतील पुष्कळ घरांत जेवणाच्या वेळीं एक नवाच विषय निघूं लागतो. मुलाला संगणक हवा असतो. परंतु दुकानांत मांडून ठेवलेला तयार संगणक त्याला नको असतो. सुटे भाग निवडून, ते एकत्र जुळवून सिद्ध केलेलें यंत्र त्याच्या मनांत असतें. "कॉलेजचें कामहि होईल आणि थोडें खेळतांहि येईल," असें तो जरा दबकतच सांगतो. किंमत ऐकली म्हणजे वडील मंडळी क्षणभर स्तब्ध होतात. ती रक्कम बहुधा वडिलांच्या बोनसांतून, आजोबांच्या ठेवींतून किंवा काकांच्या मदतींतून उभी राहावयाची असते. त्यामुळें या खरेदीविषयीं बोलण्याचा अधिकार घरांतील सर्वांनाच असतो. बोलण्यापुरती माहिती मात्र फारच थोड्यांपाशीं असते. परिणाम असा होतो, कीं वडील केवळ किंमतीवर बोलतात, मुलगा केवळ नांवांवर बोलतो, आणि यंत्र घरीं येण्यापूर्वींच घरांत अढी येते.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तथापि निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशा चर्चांना बसण्याचे प्रसंग वारंवार आले आणि त्या निमित्तानें या यंत्राचीं अंगें समजून घ्यावीं लागलीं. तीं समजावयास विशेष कठीण नाहींत. अकराव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथांत काव्याच्या ज्या गुणाचा विचार केला आहे, तोच गुण येथें कामास येतो. प्रत्येक अंग आपल्या जागीं योग्य असावें आणि दुसऱ्या अंगाच्या मापाचें असावें, एवढें एक सूत्र धरलें म्हणजे बाकीचा विचार त्यांतून आपोआप सुचत जातो.

जुळणी हा आपल्या परिसराचाच धंदा

सुटे भाग आणून यंत्र जुळविणें ही कल्पना पिंपरी-चिंचवडच्या माणसाला तरी परकी वाटूं नये. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें या माळरानांवर कारखान्यांची रांग लागली. २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या पट्ट्यांतून जी मोटार बाहेर पडते तिच्यावर नांव एकाच कंपनीचें असतें. परंतु तिच्या बैठका, कांचा, तारा, ब्रेक हे भाग निरनिराळ्या लहानमोठ्या कारखान्यांतून तयार होऊन येतात. मुख्य कारखान्याचें कौशल्य ते भाग पारखून घेण्यांत आणि अचूक जुळविण्यांत असतें. शिवाय एक क्षुल्लक भाग अडला तर काय होतें, हेंहि या परिसरानें पाहिलें आहे. २०२१ सालीं सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा पडला तेव्हां महिंद्रासारख्या मोठ्या कंपनीलाहि उत्पादनाचे दिवस कमी करावे लागले. नखाएवढ्या चिपेवांचून सबंध मोटार खोळंबली.

संगणकाच्या बाबतींत तर पुण्यानेंच मोठा धडा घालून दिला आहे. शक्तिशाली महासंगणक भारतास देण्यांत अमेरिकेनें अडथळे आणले, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यांत एकच अवाढव्य मेंदु नव्हता. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नांवाचे प्रोसेसर एकमेकांशीं जोडून, त्यांच्यांत काम वांटून देण्याची युक्ति आपल्या लोकांनीं साधली. बाजारांत मिळणारे भाग आणि घरची बुद्धि यांच्या योगानें तें काम झालें. मुलाच्या खोलींतील यंत्र त्यापुढें अगदींच लहान. पण रीत तीच आहे.

आधीं कामाची यादी

म्हणून भागांच्या नांवांकडे वळण्यापूर्वीं मुलाला एक कोरा कागद द्यावा आणि पुढील चार वर्षांत या यंत्राकडून कोणतीं कामें घ्यावयाचीं आहेत, तें लिहावयास सांगावें. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी असेल तर तो कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स यांवर भागांचे आराखडे काढील आणि ॲन्सिसवर त्या भागांवरील ताणाचा हिशेब करील. या दुसऱ्या कामास रॅम फार लागते. स्थापत्याचा विद्यार्थी ऑटोकॅड आणि रेव्हिट वापरील. संगणकशास्त्राचा विद्यार्थी एका यंत्रांत दुसरें कल्पित यंत्र चालवून पाहील, त्यालाहि रॅम पाहिजे. पुढें तो मशीन लर्निंगकडे वळला तर ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न येतो. त्या क्षेत्रांतील पुष्कळशी सामग्री एनव्हिडिया कंपनीनें २००७ सालीं बाहेर आणलेल्या 'कुडा' या पद्धतीवर आधारलेली आहे आणि ती पद्धति त्याच कंपनीच्या कार्डांवर चालते. अशा विद्यार्थ्यानें हें आरंभींच ध्यानांत घ्यावें.

याच कागदावर खेळांचींहि नांवें लिहावीं. येथेंच बहुतेक घरांत सत्य दडविलें जातें. "सगळें कॉलेजसाठींच आहे," असें मुलगा म्हणतो. वडील तें मानल्यासारखें करतात. आणि पुढें रात्रीं अकरा वाजतां त्याच्या खोलींतून गोळीबाराचा आवाज आला, कीं दोघांनाहि फसवणूक झाल्यासारखें वाटतें. एका घरीं या लेखकाच्या समक्षच नातवानें विचारलें, "आजोबा, खेळ लिहूं का यादींत?" आजोबा म्हणाले, "लिही कीं. तूं लिहिलें नाहींस, तर मी पैसे कशासाठीं मोजतों, हें मला कळावें कसें?" त्या एका वाक्यानें खोलींतील वातावरण मोकळें झालें. खेळाचें नांव कळणें खरेदीच्या दृष्टीनेंहि आवश्यक आहे. 'व्हॅलोरंट' (२०२०) किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' (२०२३) हे खेळ मध्यम कार्डावरहि वेगानें चालतात, त्यांना प्रोसेसर चपळ लागतो; 'सायबरपंक २०७७' (२०२०) सारखा खेळ मात्र ग्राफिक्स कार्डाची खरी कसोटी पाहतो. पहिल्या प्रकारचे खेळ खेळणाऱ्यानें दुसऱ्या प्रकारासाठीं पैसे खर्चणें म्हणजे भाजी आणावयास ट्रक भाड्यानें घेण्यासारखें आहे.

खेळ म्हणजे केवळ कालापव्यय, असेंहि आतां म्हणतां येत नाहीं. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. दुर्गेची कृपा लाभलेली एक मुलगी आपल्या भावाला असुरांच्या हातून सोडविण्यास निघते, असें त्याचें कथानक आहे. चित्रकला, गणित, पुराणकथा आणि संगीत या सर्वांचा त्यांत संगम झाला आहे. असे खेळ रचणें हाहि आज एक व्यवसाय आहे.

अंगांची ओळख

यादी झाली म्हणजे एकेक अंग पाहावें. प्रोसेसर हा यंत्राचा मेंदु. वरील बहुतेक कामांना सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. २०२३ च्या आरंभीं आलेला एएमडीचा रायझन ५ ७६०० हा या जातीचा चांगला नमुना आहे. इंटेलचा प्रोसेसर घेतांना नांवाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावें. 'एफ' हें अक्षर असेल तर त्याच्या अंगीं चित्र दाखविण्याची शक्ति नाहीं, असें समजावें. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो. पण ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीस गेलें, कीं पडदा काळा राहतो आणि त्याच आठवड्यांत नेमका प्रकल्प सादर करावयाचा असतो.

मदरबोर्ड ही सर्वांची बैठक. तिच्यावरील प्रोसेसरचा खांचा, म्हणजे सॉकेट, जुळला पाहिजे. एएमडीचा एएम४ हा खांचा २०१६ सालचा. त्यावर डीडीआर४ जातीची रॅम बसते. २०२२ सालीं आलेल्या एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. एकीची पट्टी दुसरीच्या जागीं बसत नाहीं. एएम४ वर रायझनच्या अनेक पिढ्या एकामागून एक बसल्या आणि लोकांना बोर्ड न बदलतां प्रोसेसर बदलतां आला. चार वर्षांचा विचार करणाऱ्या घरानें म्हणून नवा खांचा घ्यावा. हात आंखडता असेल तर जुना घ्यावा, पण तो जुना आहे हें जाणून घ्यावा.

रॅम म्हणजे काम मांडावयाचें मेज. सोळा जीबी हवी असेल तर सोळाची एक पट्टी न घेतां आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनीं ये-जा होऊन वेग वाढतो. ॲन्सिस किंवा कल्पित यंत्रें यादींत असतील तर बत्तीस जीबीचा विचार करावा. मदरबोर्डावर चार खांचे असल्यास आज दोन भरून दोन मोकळे ठेवतां येतात. संग्रहासाठीं एनव्हीएमई जातीची एसएसडी घ्यावी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क फोटो व चित्रपट ठेवण्यास ठीक. पण यंत्र सुरू करण्याचें काम तिच्यावर सोंपवूं नये.

ग्राफिक्स कार्डाची निवड मॉनिटरवरून ठरते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १९२० × १०८० या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. २५६० × १४४० वर ३६ लाख ८६ हजार ४००. हे सर्व ठिपके कार्डाला सेकंदास साठ वेळां, किंवा जलद मॉनिटर असेल तर १४४ वेळां, नव्यानें रंगवावे लागतात. म्हणजे मोठ्या पडद्याचा हट्ट धरला, कीं कार्डाचें काम पावणेदोन पट झालें. विद्यार्थ्यास पहिला पडदा पुष्कळ आहे. त्याला २०२३ च्या आरटीएक्स ४०६० च्या तोडीचें कार्ड शोभतें.

आतां ज्या भागाकडे कोणीच पाहत नाहीं तो एसएमपीएस. भिंतींतून आलेली वीज पचवून ती सर्व अंगांना पुरविण्याचें काम तो करतो. त्याचा हिशेब शाळकरी मुलासहि करतां येईल. वर सांगितलेला प्रोसेसर पूर्ण जोरांत ८८ वॉट घेतो, कार्ड ११५, आणि बाकीच्या भागांना ६० धरले तर एकूण २६३ वॉट होतात. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस त्यास भरपूर पुरतो. ८५० चा घेण्यांत पैसा व्यर्थ जातो. परंतु स्वस्त, अनामिक एसएमपीएस कधींहि घेऊं नये, मग त्याच्यावर कितीहि मोठा आंकडा छापलेला असो. '८० प्लस' हें प्रमाणचिन्ह आणि पांच वर्षांची हमी पाहावी. हा भाग बिघडला तर तो एकटा जात नाहीं. महागडीं अंगेंहि बरोबर घेऊन जातो.

सोळा आण्यांचा हिशेब

आपल्याकडे १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं. परंतु वांटणीसाठीं जुना रुपयाच सोयीचा. यंत्रासाठीं ठरविलेली रक्कम सोळा आणे धरल्यास ग्राफिक्स कार्डास ५ आणे, प्रोसेसरला ३, रॅमला अडीच, मदरबोर्डाला २, एसएसडीला दीड, एसएमपीएसला १ आणि कॅबिनेट व पंखे यांना १ अशी वांटणी करावी. रक्कम ऐंशी हजार असेल तर एक आणा म्हणजे पांच हजार. मॉनिटर, कीबोर्ड व यूपीएस यांचा हिशेब निराळा ठेवावा. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यानें रॅमचे भाव झपाट्यानें चढले. तत्पूर्वीं तिला सव्वा आण्यांत भागवितां येत असे. यादींत खेळच नसेल आणि मशीन लर्निंगहि नसेल, तर कार्डाचे पांच आणे वांचतात. त्यांतील दीड रॅमला द्यावेत आणि बाकीचे खुशाल घरांत ठेवावेत.

या वांटणीचा खरा उपयोग असा, कीं कोणीहि एका अंगाच्या मोहांत पडला तर दुसऱ्या कोणत्या अंगाचा घांस गेला, हें डोळ्यांसमोर राहतें. सात आण्यांचें कार्ड घेऊन अर्ध्या आण्याचा एसएमपीएस लावणारे लोक आढळतात. चमकणाऱ्या रंगीत दिव्यांच्या पंख्यांनीं यंत्राचा वेग वाढत नाहीं, हेंहि येथेंच सांगून ठेवावें.

वीज, धूळ आणि उन्हाळा

आपल्या औद्योगिक पट्ट्यांत गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद ठेवण्याची रीत रहिवाशांना ठाऊक आहे. पावसाळ्यांत तर तिची ये-जा न सांगतां चालते. म्हणून यूपीएस हवाच. खेळ पुढें चालू ठेवणें हें त्याचें काम नाहीं. केलेलें काम साठवून यंत्र नीट बंद करण्यास पांच-दहा मिनिटें मिळावीं, एवढाच त्याचा हेतु. त्यावर छापलेला 'व्हीए' हा आंकडा वॉटपेक्षां मोठा असतो. १००० व्हीएचा यूपीएस बहुधा ६०० वॉटच देतो. दिवे-पंख्यांच्या साध्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवूं नये. वीज बदलण्याच्या त्या क्षणार्धांत संगणक बंद पडूं शकतो.

चाकण-भोसरीच्या रस्त्यांवरील धूळ घरांत किती येते, हें घरांतील स्त्रियांना सांगावयास नकोच. कॅबिनेटची पुढील बाजू जाळीची असावी, पुढून हवा आंत यावी आणि मागून बाहेर जावी. यंत्र जमिनीवर न ठेवतां मेजावर ठेवावें आणि जाळी महिन्यांतून एकदां पुसावी. वीजबिलाची भीतिहि थोडी हिशेबानें कमी होते. मॉनिटर धरून खेळतांना ३०० वॉट लागले आणि रोज तीन तास खेळ झाला, तर दिवसास पाऊण युनिटाहून थोडें अधिक, म्हणजे ०.९ युनिट, आणि महिन्यास २७ युनिट होतात. हा आंकडा मुलानें स्वतः काढून आजोबांना दाखवावा.

बाजारांत उतरतांना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा गांवांतल्याच दुकानांत जा, यादी घेऊन जावें आणि यादीनेंच परत यावें. "तो भाग संपला, हा घ्या," असें सांगितल्यास घरीं येऊन विचार करावा. भाव चढउताराचे असतात. २०२१ सालीं ग्राफिक्स कार्डें दुर्मिळ झालीं होतीं. इथेरियम या कूटचलनाचें कार्डांवरील खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ रोजीं थांबलें आणि वापरलेलीं कार्डें बाजारांत लोटलीं. वापरलेलें कार्ड किंवा प्रोसेसर पारखून घेतां येतो. वापरलेला एसएमपीएस आणि वापरलेली एसएसडी मात्र टाळावी. फार जुना संच घेऊं नये. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेलें यंत्र लागतें. जीएसटीची पक्की पावती घ्यावी व तिच्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. हमी त्या कागदावरच उभी असते.

मुलगा वसतिगृहांत राहणार असेल तर हा सर्व विचार सोडून लॅपटॉपच घ्यावा. मात्र लॅपटॉपमधील कार्डाचें नांव मोठ्या कार्डासारखें असलें तरी त्याला वीज कमी मिळते, म्हणून शक्तीहि कमी असते, एवढें लक्षांत ठेवावें.

जुळणी घरीं व्हावी

भाग आले म्हणजे जुळणी मुलानें घरच्यांसमोर, मोठ्या मेजावर करावी. प्रथम कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. प्रोसेसर व रॅम मदरबोर्डावर बाहेरच बसवावीं, मग बोर्ड आंत ठेवावा. चार खांच्यांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा दुसऱ्या व चौथ्या खांच्यांत बसतात; माहितीपुस्तिका पाहावी. प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यांतील तार विसरूं नये. मॉनिटरची तार मदरबोर्डाला न लावतां कार्डाला लावावी; नाहींतर पांच आण्यांचें कार्ड आंत स्वस्थ बसून राहील. शेवटीं मॉनिटरचा वेग ६० वरून १४४ वर नेण्यास विसरूं नये.

यंत्र एकाचें झालें तरी खर्च घराचा असतो. म्हणून त्याच मेजावर आणखी एक कागद व्हावा. धाकटी बहीण आराखडे काढते किंवा चित्रें रंगविते, तिचे तास त्यावर असावेत. आजोबांना आपल्या पेन्शनचें किंवा पोथ्यांच्या छायाचित्रांचें काम करून घ्यावयाचें असेल, तर त्यांचाहि अर्धा तास असावा. खेळाचे तास स्पष्ट लिहिलेले असावेत आणि परीक्षेच्या महिन्यांत ते किती कमी होतील, तें मुलानेंच सुचवावें. ज्यानें भागांची निवड हिशेबानें केली, त्याला वेळेची वांटणी करणें अवघड वाटत नाहीं. आणि ज्या वडिलांना सोळा आणे कोठें गेले तें ठाऊक आहे, त्यांना रात्रींच्या त्या गोळीबाराचा आवाज ऐकून दार ठोठावण्याची घाई होत नाहीं. येत्या प्रवेशाच्या दिवसांत ज्या घरीं हा विषय निघेल, तेथें किंमत विचारण्यापूर्वीं तो कोरा कागद मेजावर ठेवावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.